रुमालाखालचा हात

पहिली टाचणी अण्णांच्या उजव्या करंगळीत रुतली, तेव्हा अण्णा खिडकीतून बाहेर बांधलेल्या खोंडांकडं बघत होते. दुसरी अंगठ्यात गेली, तेव्हा त्यांनी जांभई दिली. तिसरीला रक्ताचा थेंब आला आणि तो बघून डॉक्टर केळुसकरांचे कारकून उपळेकर यांनी तोंड फिरवलं.

“दुखलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुटं?” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. “उपळेकर, लिहा. अर्जदाराची सहनशक्ती उत्तम आहे.”

मी दाराशी उभी होते. नांदरीच्या बाजार समितीची ती एकुलती एक खोली. तिथं खुर्च्या दोनच होत्या, आणि त्या दोन्हींवर सरकार बसलेलं होतं. माझे वडील, सिदबा लवटे, धान्याच्या पोत्यावर बसले होते. त्यांचा उजवा हात खरोखरच गेला आहे, की सरकारला बुडवण्यासाठी तो गेल्यासारखा करतो आहे, याचा छडा लावायला डॉक्टरसाहेब जिल्ह्याच्या गावाहून जीपनं आले होते. साहेब मूळचे कोकणातले. आमच्या माणदेशात त्यांची बदली झाली होती, आणि ती कुणाच्या पापानं झाली याचा त्यांना संशय होता. तो संशय ते भेटेल त्या माणसावर घेत.

हाताचं झालं होतं ते असं. आदल्या साली नांदरीच्या जनावरांच्या जत्रेत पटकीची लस सक्तीची केली होती. टोचून घेतल्याशिवाय कुणाला वेशीच्या आत सोडत नसत. वेशीवर दोन टेबलं मांडलेली, एक जनावरांचं आणि एक माणसांचं. जनावरांच्या टेबलावरचा माणूस आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवायचा, जागा बघायचा, मग टोचायचा. आमच्या टेबलावरच्या गड्याला दिवस मावळायच्या आत अख्खी जत्रा उरकायची होती. त्यानं अण्णांच्या दंडाला मागच्या बाजूनं, कोपराच्या जवळ, सुई खुपसली आणि पुढच्याला हाक मारली. रात्रीपर्यंत हाताला मुंग्या आल्या. आठवड्याभरात मनगट लोंबायला लागलं आणि कोपराच्या खालचा हात मेला.

लशीला नावं ठेवायला मी बसलेले नाही. त्या साली नांदरीत पटकीनं एकही माणूस गेला नाही, हे अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की सुई चार बोटं वर बसली असती तर सगळे वाचले त्यात तेही वाचले असते.

आता कुणी म्हणेल, हात गेला तर दुसरा आहे. तर अण्णा जनावरांच्या बाजारातले दलाल होते, आणि दलालाला दुसरा हात नसतो. आमच्याकडं जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल बसतो, हातावर रुमाल टाकतो, आणि रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगितला जातो. आख्खं बोट धरलं तर शंभर, पेर दाबलं तर दहा. बघणाऱ्यांना नुसता रुमाल हललेला दिसतो. हात उजवाच लागतो. डावा पुढं करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. आणि नियम एकच, रुमालाखाली लागलेला आकडा नाकारायचा नाही. पटला नाही तर हात सोडा, वर दोन शिव्या घाला, पण लागलाच नाही असं म्हणायचं नाही. एका दलालानं तसं केलं होतं म्हणे. त्याचा हात पुन्हा कुणी धरला नाही, आणि तो गाव सोडून गेला.

मेलेला हात घेऊनही अण्णा बाजाराला जातच होते. हात घोंगड्यात लपवून जायचे, रुमालाखाली सरकवायचे आणि सौदे करून यायचे. मी विचारलं, तर म्हणायचे, “आकडा मानसाच्या तोंडावर असतोय, धुरपे.” मला ते खरं वाटलं. पण असं किती दिवस चालणार? लग्न होऊन दोन वर्षांत मी माहेरी परत आले होते (का, ते या गोष्टीत नाही), आई आधीच गेली होती, आणि घरात सातवी पास अशी मी एकटीच. मीच सरकारला अर्ज लिहिला. लस सरकारनं टोचली, हात गेला, तर भरपाई मिळावी. दोन हजार मिळाले तर मेंढरं घेऊ, मी ती राखीन, आणि अण्णांना रोज घोंगड्यात हात लपवून बसायला नको, असा माझा हिशेब होता.

अण्णांना मात्र पैशापेक्षा भलतंच काहीतरी हवं होतं. सरकारचं पहिलं उत्तर आलं त्यात म्हटलं होतं, की लस पूर्णपणे सुरक्षित असल्यामुळं हात लुळा पडणं संभवत नाही, तरी अर्जदारास जनावरानं लाथ मारली असल्याची शक्यता तपासावी. ते ऐकून अण्णा दिवसभर जेवले नाहीत. हजारो बैलांच्या मागंपुढं फिरलेला तो माणूस, उभ्या जन्मात त्याला एका जनावराची लाथ बसली नव्हती.

“पैसं दिऊ नायतर न दिऊ,” ते म्हणाले, “पर ह्यो हात सुईनं मेला, येवढं सरकारनं लिवून द्यावं. मेलेल्याला निदान कशानं मेला ते तरी सांगत्यात का न्हाई?”

तर त्यासाठी हे सरकार आलं होतं.

डॉक्टरांनी आता टाचणी कोपराच्या वर टोचली. अण्णा “आयायाया” करून उडालेच.

“संवेदना आहे,” डॉक्टर समाधानानं म्हणाले. “लिहा.”

“साहेब, तिथं हायच की,” मी म्हणाले. “खाली न्हाई. कोपराच्या खाली न्हाई.”

“बाई, हात एकच असतो. त्याचे खालचा हात आणि वरचा हात असे दोन खातेविभाग नसतात.” मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “आणि एक ध्यानात ठेवा. नुकसानभरपाई हा शब्द बाहेर बाजारात काढायचा नाही. वरून तशी तोंडी सूचना आहे. आज तुम्ही म्हणाल हात गेला, उद्या अख्ख्या जत्रेच्या हाताला मुंग्या येतील.”

तो शब्द आम्ही काढणारच नव्हतो. अण्णांनी अर्जाचं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे हात मेलाय हे सांगायचं, आणि मेल्या हाताच्या दलालाकडं कोण येणार? पण आज सकाळी घरातून निघताना मी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. चारचौघांत विचारलं तरी खरं सांगायचं. लाज गेली तरी बेहत्तर. ते बराच वेळ चपलेचा अंगठा बघत बसले, आणि मग “सांगीन” म्हणाले. आमच्या अण्णांनी असा शब्द देणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

टाचण्यांवरून निकाल लागेना तेव्हा उपळेकरांनीच घोळ घातला. ते इथलेच, तालुक्याचे. त्यांनी साहेबांना रुमालाची पद्धत समजावून सांगितली. साहेबांचे डोळे चमकले. एवढ्या उन्हात आल्यासारखं शेवटी काहीतरी शास्त्रीय घडणार होतं.

“प्रात्यक्षिक!” ते म्हणाले. “याच्या हातावर कुणीतरी आकडा सांगेल. तोच आकडा आधी चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं द्यायचा. याला ओळखता आला तर हात चांगला. नाही आला तर बघू.”

अण्णा पोत्यावरून उठले. “त्ये नगं साहेब. टाचन्या टोचा, दाभन घ्या. निखारा ठिवा हातावर. पर रुमाल नगं.”

“का? भीती वाटते?”

“आण्णा,” मी त्यांच्या कानाशी लागले, “ह्ये तर चांगलंच हाय की. कळत न्हाई म्हना, झालं. खरंच तर हाय.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बाजारासमोर लाज जाईल म्हणून कचरतात. “चल,” ते म्हणाले.

डॉक्टर बाहेर ओट्यावर उभे राहिले. खाली सगळा बाजार गोळा झाला होता, कारण जीप आली की एकतर निवडणूक असते नाहीतर जप्ती. साहेबांनी घसा साफ केला आणि तो शब्द कटाक्षानं टाळून भाषण केलं. “या लवट्यांचा हात दलालीच्या कामाचा राहिला आहे की नाही, हे शासनाला पाहायचं आहे. तुमच्यातला कुणीही एक जण पुढं या.”

कुणी जागचं हललं नाही. एक बैल तेवढा शेपूट झाडत होता. मग गर्दीतून दस्तगीर मुलाणी पुढं आले. दस्तगीरचाचा म्हणजे अण्णांचे तीस वर्षांचे सोबती. दोघे बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवायचे आणि बाजार उठला की एका बशीत चहा प्यायचे.

“मी धरतो हात,” चाचा म्हणाले.

त्यांनी उपळेकरांच्या कानात आकडा सांगितला. उपळेकरांनी चिठ्ठी लिहून साहेबांना दिली, आणि साहेबांनी ती खिशात घालून वरून हात ठेवला, जणू तिजोरीच आहे. दोघे समोरासमोर उकिडवे बसले. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

मी अण्णांच्या मागंच उभी होते. रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला, जरा वरच्या बाजूला. अण्णांची मान ताठ झाली. ते दस्तगीरचाचांकडं बघत होते, आणि चाचा त्यांच्याकडं. दोघांपैकी कुणाचीही पापणी लवेना.

“काय लवटे? कळलं का काही?” डॉक्टरांनी विचारलं.



“न्हाई म्हना,” मी दातांतल्या दातांत म्हणाले. “आण्णा, न्हाई म्हना.”

“नसेल कळलं तर तसं सांगा. काही हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा झाला. तेवढ्या वेळापुरता तो माणूस खरोखर आमच्या बाजूला आला होता, हे मी अजूनही मानते.

अण्णांनी डोळे मिटले.

“आठशे साठ,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी चिठ्ठी काढली. उघडली. उपळेकरांना दाखवली. चिठ्ठीवर आठशे साठच होते.

बाजारानं जो आरडाओरडा केला, त्यानं दोन खोंडं दावं तोडून पळाली. कुणीतरी भंडारा उधळला. कुणी अण्णांना उचलून घेतलं. मी ओट्याच्या कडेला बसले. डॉक्टर मघाचं विसरून पुन्हा साहेब झाले. “उपळेकर, लिहा. हात पूर्णपणे कार्यक्षम.”

“आणि ते टाचण्यांचं, साहेब?”

“सहनशक्ती लिहिलंय ना?”

जीप गेली. दस्तगीरचाचा माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की पोराचं लग्न ठरल्यावरही इतका फुलला नसेल. “बगितलंस का धुरपे? लायसन काढून घ्याया आल्ते बेटे! सिदबाचं दलालीचं लायसन! म्हनं कामाचा राह्यला का न्हाई! घ्या आता!” आणि त्यांनी सगळ्या बाजाराला भजी वाटली. स्वतःच्या खिशातून.

भजी मी खाल्ली नाहीत. घरी जाताना आम्ही ओढा ओलांडला. मग माझ्यानं राहवेना.

“कळत न्हाई म्हनायचं ठरलं हुतं आपलं.”

“हां.”

“मग आकडा कसा कळला तुमाला? तोंडावर वाचला?”

“तोंडावर कुनाच्या आकडा असतोय व्हय, खुळे,” अण्णा म्हणाले. ते थांबले. डाव्या हातानं त्यांनी उजवी बाही वर सारली आणि कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, बोट ठेवलं. “लागला. हितं.”

मला काही उमजेना.

“जत्रंनंतरच्या पयल्या बाजारी दस्तगीरनं माजी बोटं धरली. मला काय लागंना. मी तसाच बसलो, घाम फुटला. मग त्येचा हात हळूच वर सरकला. शंभराला दाब, धाला चिमटा. तोंडानं चकार शबुद काढला न्हाई. फुडल्या बाजारी आनिक दोगं तसंच दाबाय लागली. मग समदीच.”

“म्हंजे समद्या बाजाराला ठावं हाय? येवढं दीस?”

“कुनी कवा बोललंय का?”

मी रस्त्यातच उभी राहिले. आम्ही घोंगडं पांघरून वर्षभर ज्यांच्यापासून हात लपवत होतो, ते सगळेच्या सगळे घोंगड्याच्या आत हात घालून बसले होते.

“मग आज न्हाई म्हनायचं हुतं! डॉक्टरला काय कळतंय, चाचानं कुटं दाबलंय?”

“डॉक्टरला न्हाई कळत. दस्तगीरला ठावं हाय की.”

“तर काय झालं?”

“काय झालं?” अण्णांचा आवाज चढला. तो क्वचितच चढायचा. “रुमालाखाली हात धरलाय त्येनं माजा. लागल्याला आकडा त्येच्या तोंडावर लागला न्हाई म्हनू? म्हनून तर रुमाल नगं म्हनत हुतो मी!”

“मग आदी सांगायचं तेस्नी, ह्ये लायसनसाठी न्हाई, भरपाईसाठी हाय म्हनून!”

“आन काय सांगू?” अण्णा म्हणाले. “की बाबांनो, तुमी वरीसभर माजी लाज राखलीसा, आन म्या तीच सरकारला इकाया काढलीया?”

मी रडले, रागानं रडले. सरकारवर, दस्तगीरचाचांवर, अण्णांवर, सगळ्यांवर रागावले. सगळ्यांत जास्त राग याचा आला, की यांच्यातल्या एकावरही तो टिकेना. सरकारवरचा तेवढा टिकला. तो अजून आहे.

दोन महिन्यांनी कागद आला. मी तो अण्णांना वाचून दाखवला. ‘अर्जदाराच्या हातास जनावराच्या लाथेने झालेली किरकोळ दुखापत पूर्णपणे बरी झालेली असून प्रात्यक्षिकात हात कार्यक्षम आढळला. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ अण्णांनी तो पुन्हा वाचायला लावला. “लाथ” या शब्दाशी मला थांबवलं. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, आणि माफी मागितल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

बाजारानं पुढं आणखी तीनेक वर्षं त्यांना सांभाळलं. नंतर लांबून लांबून ट्रक घेऊन नवे व्यापारी यायला लागले. त्यांना सिदबा लवटेच्या कोपराची काय माहिती? एका परगावच्या पोरानं रीतसर बोटं धरून आकडा सांगितला. अण्णांनी अंदाजानं काहीतरी उत्तर दिलं, आणि ते पोरगं हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, त्याला वाटलं म्हाताऱ्यानं चेष्टा केली. अण्णांनी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला आणि घरी आले. परत बाजाराला गेले नाहीत. मेंढरं काही आम्ही घेतली नाहीत. मी रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागले. म्हणजे सरकारचा पैसा शेवटी आमच्या घरात आला, फक्त त्यासाठी माझे दोन्ही हात कार्यक्षम असावे लागले.

दस्तगीरचाचा मात्र दर सणाला यायचे. अण्णा अंगणात बाजेवर, चाचा समोर, आणि दर वेळी तीच गोष्ट. डॉक्टर कसा ताठ उभा होता, चिठ्ठी कशी खिशात दाबून धरली होती, आणि आपण रुमालाखाली कशी सगळ्या सरकारला टोपी घातली. दर वर्षी डॉक्टरची उंची वाढायची. शेवटी शेवटी तर त्याच्यासोबत दोन पोलीसही यायला लागले होते. गोष्ट संपली की चाचा अण्णांच्या मांडीवर थाप मारायचे. “आबरू वाचिवली का न्हाई तुजी?”

“वाचिवलीस गड्या,” अण्णा म्हणायचे. “तूच वाचिवलीस.” दर वेळी, अगदी मनापासून. मी आत चुलीपाशी भांडी आपटायचे.

अण्णा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या ईदला चाचा आले, ते नातवाच्या खांद्याला धरून. त्यांना दिसत नव्हतं. रिकाम्या बाजेकडं तोंड करून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गोष्ट सांगितली, पोलिसांसकट. मी चहा आणून ठेवला. मांडीवर थाप मारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला, आणि मग त्यांनी तो खाली घेतला.

“धुरपे,” ते म्हणाले, “उभ्या जन्मात माज्या हातनं पुन्याचं काम येवढं येकच झालं बग. तू सांग, त्या दिशी मी न्हसतो, तर त्या डॉक्टरनं काय केलं असतं गं सिदबाचं?”

मी बशी त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवली.

“काय करनार हुता चाचा,” मी म्हणाले. “तुमी हुता न्हवं.”

चाचा खूश होऊन हसले आणि फुंकर मारून चहा प्यायला लागले.